धाकटीचा आतला ताप

आजारी पडावं तर आमच्या धाकटीनं. बाकीच्यांनी नुसतं अंथरुणावर पडून राहावं. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. ती लग्न होऊन हिंगोलीजवळच्या पुसेगावात आली तोवर या घरच्या भाकरी थापून माझे हात राठ झाले होते, आणि मला कधी डोकेदुखी होत असेल अशी शंकाही कुणाला आलेली नव्हती. धाकटी मात्र ओट्यावर बसल्या बसल्या एकदम गप्प व्हायची. चेहऱ्यावरचा रंग उतरायचा, पदराचं टोक मुठीत धरायची आणि अगदी हळू म्हणायची, "आक्का, मला कसंतरीच होऊन राह्यलं." एवढं एकच वाक्य. त्यावर अख्खं घर हातातलं काम टाकून धावायचं. मीही धावायचे, पण दातओठ खात.

तिला काय काय व्हायचं ते सांगते, म्हणजे तुमच्या घरात अशी कुणी असेल तर ओळखू येईल. आधी हातपाय गार पडायचे. मग छातीत धडधड, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं, अंग कसकसणं, डोकं जड, पोटात ढवळून सारखं परसाकडला पळणं, आणि शेवटी थंडी वाजून दातावर दात. गावातल्या डॉक्टरकडे न्यावं तर ते तिला बाकड्यावर टेकूही न देता म्हणायचे, "व्हायरल आहे. साथ चालू आहे." साथ आमच्याकडे बारा महिने चालूच असते. पावसाळ्यात असते, थंडीत असते, हळद काढायच्या दिवसांत तर असतेच असते. आणि व्हायरल म्हटलं की सलाईन आलं. आमच्या भागात बाटली लागल्याशिवाय आजाराला आजार म्हणत नाहीत. नुसत्या गोळ्यांवर बऱ्या होणाऱ्या माणसाला कुणी भेटायलासुद्धा येत नाही. धाकटीला बाटली लागली की गल्लीतल्या बाया बिस्किटांचे पुडे घेऊन यायच्या, तिच्या पायाशी बसायच्या, आणि त्या सगळ्यांचा चहा मी करायचे.

एकदा मी हट्टाला पेटून थर्मामीटर आणवला. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं दूध का दूध. धाकटी थंडीनं कुडकुडत होती आणि पारा जागचा हलला नव्हता. मी तो विजयानं सासूबाईंना दाखवला. त्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. आत्याबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "त्या काचंच्या कांडीला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "तिचा ताप आतला हाय. आतला ताप कुटं हाताला लागत असतो व्हय?" झालं. त्या दिवसापासून धाकटीच्या आजाराला नावच मिळालं. कपाळ थंड असलं तर उलट जास्त काळजी, कारण ताप आत दडून बसलाय. या युक्तिवादापुढे मी तर काय, मोठे वकीलही हरले असते.

मला खरा ताप आला तो नेमका हळद शिजवायच्या दिवसांत. अंगणात धग, वाफ, मजुरांची ये-जा, आणि मी चुलीपुढे डोळे मिटून भाकरी थापत होते. आमच्या ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "एखादी गोळी घे. अन् भाकरी जरा लवकर होऊ दे, माणसं खोळंबलीत." आत्याबाईंनी त्यावर कौतुकाची पुस्ती जोडली. "थोरलीला काय व्हतंय? तिची हाडं लोखंडाची हैत." हे कौतुक मला नको होतं. मला एक बाटली हवी होती, आणि उशाशी कुणीतरी बसायला हवं होतं. त्याच आठवड्यात हे हिंगोलीहून मोटारसायकलवर नारळपाणी घेऊन आले. भावजयीसाठी.

मग मी एक दिवस सोंग घेतलं. भर दुपारी गोधडी ओढून पडले आणि धाकटीसारखाच बारीक आवाज काढून म्हटलं, "मला कसंतरीच होतंय." आत्याबाई आल्या, कपाळावर हात ठेवला, म्हणाल्या, "थंडगार हाय. ऊठ." मी म्हटलं, "आतला असंल." त्या चक्क हसल्या. "तुला कुटला आलाय आतला ताप? आत काही ठेवतीस का तू? सगळं तोंडानं बोलून मोकळी व्हतीस." गोधडीची घडी घालून मी उठले आणि संध्याकाळच्या भाजीला लागले. पण ते बोलणं डोक्यातून जाईना. बाई अडाणी असली तरी बोलली होती बराबर.

धाकटीचा मनसोक्त राग करावा तर तीही सोय नव्हती. भेटीला आलेल्या पुड्यांतले क्रीमचे पुडे ती उशीखाली लपवून ठेवायची आणि माणसं गेली की मला द्यायची. "आक्का, हे तुमच्यासाठी. साधे लेकरायला देऊ." भेटायला येणाऱ्या बायांच्या नकला तर अशा करायची की हसून माझ्या पोटात दुखायचं. एक लांबची नणंद तिला म्हणाली होती, "लई खराब झालीस गं." धाकटी तिला म्हणाली, "व्हय ना. लग्नात तुमी नीट बघितलं न्हाई, मी पयल्यापासून अशीच खराब हाय." माझ्या लेकीच्या वेण्या ती घालायची. माझ्या लेकीला माझ्यापेक्षा काकीचा हात आवडायचा, आणि हे ती मला तोंडावर सांगायची.

एकदा आम्ही दोघीच शेंगा फोडत बसलो होतो. धाकटी म्हणाली, "आक्का, मला कदी कदी वाटतं, मी ढोंगच करून राह्यले का काय. मग छातीवर हात ठिवते तर आत खरंच पळून राह्यलेलं असतं. कोनाला सांगू?" मला तिची दया यायला हवी होती. मला वाटलं ते असं की, हिचं दुखणं तर दुखणं, हिच्या शंकासुद्धा माझ्यापेक्षा देखण्या आहेत.

मात्र जळणाऱ्या माणसाची नजर बारीक असते, हे खरं. ज्यांचा तिच्यावर जीव होता त्यांना फक्त तिचा चेहरा दिसायचा. मला मागचं-पुढचंही दिसायचं. भाऊजी, म्हणजे माझे दीर, हिंगोलीच्या बाजारातून सांगलीकडे हळदीची गाडी नेत. त्यांनी गाडीची काच पुसायला घेतली की धाकटीचे हात गार पडत. रस्त्यात त्यांचा फोन लागेनासा झाला की तिच्या पोटात ढवळे. आणि "पोचलो गं, जेवून राह्यलो" असा फोन आला की व्हायरल उतरे आणि धाकटी उठून केस विंचरे. तिचे वडील ती लहान असताना असेच गाडी घेऊन गेले आणि घाटातून परत आले नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या गोष्टीचा या थंडी-जुलाबाशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मलाही तो संबंध कळला नव्हता. मला एवढंच कळलं होतं की हिचा आजार नवऱ्याच्या गाडीबरोबर जातो-येतो, आणि म्हणून तो नखरा आहे.

कोरोनाच्या काळात तर धाकटीचं अगदीच फावलं, असं मी तेव्हा म्हणायचे. सगळं बंद, पण मालाच्या गाड्या चालू. भाऊजी रस्त्यावर आणि इकडे धाकटीचा श्वास पुरेना. घसा दाटला, अंग मोडून आलं, छाती भरली. त्या दिवसांत याचा अर्थ एकच होता. गल्लीनं आमच्या दारासमोरून जाणं सोडलं. तिला हवेशीर खोली मिळाली, खोलीत पंखा मिळाला, दाराशी ताट मिळालं. बोटाला लावायचं यंत्र आणलं तर ते सगळं ठीक आहे म्हणे. तपासणी झाली, त्यातही काही निघालं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आतला हाय, त्यायला बी सापडंना." मग भाऊजी परत आले. त्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळं ठेवलं. धाकटीनं खिडकीतून त्यांना हातपाय धुताना पाहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा श्वास जागेवर आला. तिनं भाजी मागितली, तीही तिखट.

साथ ओसरल्यावर मी जाहीर केलं की धाकटीला हिंगोलीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः नेणार. घरात माझं असं कौतुक आजवर झालं नव्हतं. आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "थोरलीचा लई जीव हाय तिच्यावर." जीव कसला, मला तिचं सोंग सरकारदरबारी उघडं पाडायचं होतं. एस.टी.त बसून मी मनातल्या मनात सगळी उजळणी केली. डॉक्टरीणबाईंसमोर बसल्याबरोबर सुरू झाले. ताप नसतो, नाक वाहत नाही, खोकला नाही, हिच्याबरोबर घरात दुसरं कुणी आजारी पडत नाही, नवऱ्याची गाडी निघाली की घटकाभरात येतं आणि त्याचा फोन आला की जातं. "आता तुमीच सांगा बाई, हे काय हाय?"

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग मला थांबायची खूण करून धाकटीला विचारलं, "गाडी निघताना डोळ्यांसमोर काय येतं?" धाकटीनं पदराचं टोक मुठीत धरलं. मग म्हणाली, "बापाची चप्पल. त्या दिशी ते नवी घालून गेल्ते, जुनी दारातच व्हती." आणि ती रडायला लागली. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं राहिले, ही चप्पल मला ठाऊक नव्हती.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "हे सोंग नाही. माणूस धास्तावला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, बोटं गार पडतात, पोट बिघडतं, श्वास अपुरा वाटतो, अंग दुखतं, थकवा येतो. साथीच्या तापातही यातलं बरंच होतं, म्हणून भलेभले फसतात. तुम्ही इतकं बारकाईनं पाहिलंत म्हणून मला लवकर कळलं." त्यांनी तपासण्या केल्या, औषध लिहून दिलं, दर काही दिवसांनी बोलायला यायला सांगितलं. निघताना मला मुद्दाम थांबवून म्हणाल्या, "पण आता उलटी चूक करू नका. धास्तीच्या माणसालाही खरा ताप येतो. दर वेळी मोजा, नुसत्या अंदाजावर सोडू नका." गेले होते सोंग उघडं पाडायला, आणि परत आले तिला शहरातल्या डॉक्टरची सही असलेला आजार मिळवून देऊन. परतीच्या गाडीत मी तिच्याशी बोलले नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

घरात एक नवं काम माझ्या वाट्याला आलं. धाकटीला तसं व्हायला लागलं की शेजारी बसायचं, तिचा हात धरायचा आणि तिच्याबरोबर श्वास सावकाश सोडायचा. डॉक्टरीणबाईंनीच माझं नाव सुचवलं होतं. सुरुवातीला मी हे कपाळाला आठी घालून करायचे. तिची गार बोटं माझ्या राठ तळव्यात हळूहळू ऊब धरायची आणि मग ती डोळे उघडून म्हणायची, "गेलं, आक्का." कधी कळलं नाही, पण मला ते आवडायला लागलं. आत्याबाई पुढे सरसावल्या तर मी त्यांना म्हणायचे, "तुमी ऱ्हाऊ द्या, तुमाला न्हाई जमायचं." भाऊजी घरी असले आणि त्यांनी तिचा हात धरला तरी मला खटकायचं. म्हणजे आधी मी तिच्यावर जळत होते, आता तिच्या नवऱ्यावरही जळायला लागले.

पावसाळा सरता सरता गावात ताप आला. घरोघर माणसं पडली. एका सकाळी धाकटी ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आक्का, आज ते न्हाई. आज येगळंच हाय." डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली, कंबर मोडलीय म्हणाली. पण आता आमच्या घरातले सगळेच डॉक्टर झाले होते. हे म्हणाले, "तिचं नेहमीचं हाय. श्वास सोड म्हणावं हळूहळू." आत्याबाईंनीही आतला ताप सोडून नवी भाषा उचलली होती. "धास्ती हाय गं. बस जरा येळ, जाईल." भाऊजी दारातच गाडीखाली शिरून काहीतरी दुरुस्त करत होते.

मी नेहमीसारखा तिचा हात धरला आणि सोडून दिला. हात तव्यासारखा तापला होता. तिच्या धास्तीचा हात मला पाठ होता. तो कधी गरम नसायचा. आणि धास्ती तरी कशाची? नवरा समोर, गाडी दारात. थर्मामीटर लावला तर पारा भराभर चढला. मी म्हटलं, "आत्ता हिंगोलीला न्यायचं." हे म्हणाले, "काहून एवढी घाई? उद्या बघू." मी म्हटलं, "तुमाला तिच्यातलं काय कळतंय? गाडी काढा भाऊजी." मी या घरात इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते, निदान स्वतःसाठी तरी नाही. डेंग्यू निघाला. रक्तातल्या पेशी झरझर उतरत होत्या. वेळेवर आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

ती दवाखान्यात होती तेवढे दिवस मी तिच्याजवळ होते. भाऊजी खाटेच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडत. तो धिप्पाड ड्रायव्हर माणूस असा रडताना पाहून मला काय वाटलं ते लपवत नाही: माझ्यासाठी असं कुणी रडेल का, असंच वाटलं. जाऊ मरणाच्या दारात, आणि माझं आपलं हे. तेवढ्यात धाकटीनं डोळे उघडले. ओठ सुकून फुटले होते. भाऊजींना म्हणाली, "आक्कानं सकाळपासून काही खाल्लं न्हाई. रडता काय, आधी त्यायला चहा-बिस्कुट आना." मी बाहेर जाऊन तो चहा प्याले आणि चिडून रडले. सगळ्या घरात माझ्या पोटाची चौकशी करणारं एकच माणूस होतं, आणि ते नेमकं हेच असावं?

ती बरी झाली. पुढे लेकरांच्या शाळेसाठी आणि भाऊजींना बाजार जवळ पडावा म्हणून त्यांनी हिंगोलीत स्टेशनच्या बाजूला घर केलं. निघताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, "जा बाई, सुटले मी एकदाची." त्यानंतर तिचे फोन यायचे. सुरुवातीला बरं वाटायचं. मग प्रत्येक फोनमध्ये शेजारच्या वहिनी यायला लागल्या. वहिनींनी लोणचं दिलं, वहिनी बाजारात घेऊन गेल्या, वहिनींना मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे काय, असं मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. पिशवीत नवी तूरडाळ, मिरचीचा ठेचा, तिला आवडते म्हणून ज्वारीची पापडी. त्या वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या, स्वतःच्या घरी असल्यासारख्या. स्वच्छ साडी, गोड आवाज, मास्तरीण असाव्या तशा. भाऊजी सांगलीच्या वाटेवर होते. बोलता बोलता धाकटीनं त्यांना फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला. मग ती गप्प झाली आणि तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

मी पिशवी खाली ठेवून उठेपर्यंत वहिनी तिच्याजवळ पोहोचल्या होत्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "सोडा. सावकाश सोडा. मी आहे ना." धाकटीनं डोळे मिटले आणि मान त्यांच्या खांद्यावर टाकली. मी मधेच उभी राहिले. बसावं की पाणी आणावं ते कळेना. स्वयंपाकघरात कुठं काय ठेवलंय तेही मला ठाऊक नव्हतं.

वहिनींनी माझ्याकडे पाहून धीर दिला. "घाबरू नका हं. पाहणाऱ्याला वाटतं ताप भरतोय, पण हिला तसलं काही नसतं. हे वेगळं असतं. तुम्हाला सवय नसेल."

"अस्सं का?" मी म्हटलं.

त्या सरकल्या आणि मला शेजारी बसवायला म्हणून दुसऱ्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. धरलं ते तसंच ठेवलं. "अहो, तुमचे हात केवढे गार पडलेत! थरथरताय तुम्ही. बरं वाटत नाहीये का? काय होतंय, सांगा ना."

इतक्या वर्षांत मला हे कुणी असं हात धरून विचारलं नव्हतं.

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं, आणि हात सोडवून पदराखाली घेतले.